सावळठाणचा शेवटचा पोळा

आमच्या घरी दिवस उजाडायचा तो चांद्याच्या गळ्यातल्या घंटेनं. बैल गोठ्यात उठून उभा राहिला की मान झटकायचा, आणि त्या आवाजासरशी माय चुलीपुढं बसलेली असायची. मग शेजारी हौश्या उठायचा, पण तो घंटा वाजवायचा नाही, नुसता फुरफुरायचा. हौश्याला आळशी म्हणून सगळं घर नावं ठेवायचं, आणि औतावर मात्र तोच जास्त ओढायचा. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे की माणसात पण असंच असतं, घंटा एकाच्या गळ्यात आणि ओझं दुसऱ्याच्या मानेवर. हे म्हणताना ते मायकडं बघायचे, आणि माय तवा आपटायची. आता शहरात, गारखेड्यात, तिसऱ्या मजल्यावर माझी सकाळ पाण्याच्या मोटारीच्या घरघरीनं होते. तिला कुणी नाव ठेवलेलं नाही.

सावळठाण हे आमचं गाव चिकलठाण्याच्या पुढं, जालना रस्त्यापासून जरासं आत. नकाशावर आता ते शहरातच आहे आणि माझे भाचे-पुतणे त्याला ‘एरिया’ म्हणतात. माझ्या लहानपणी ते गाव होतं आणि गाव असल्याचा त्याला भारी तोरा होता. दगडी वेस, वेशीला लागून मारुती, मारुतीपुढं पार, आणि वेशीतून सरळ आत आलेली एकच मोठी गल्ली. निजामाच्या काळात वेशीचे दरवाजे दिवेलागणीला बंद व्हायचे असं जुनी माणसं सांगायची. दरवाजे केव्हाच गेले होते, त्यांच्या लाकडावर चुली पेटल्या असतील, पण बिजागऱ्यांच्या भोकांत चिमण्या घरटी करायच्या. गल्लीच्या या टोकाला आमची भावकी, मधे माळी, तेली, दोन घरं मोमिनांची, आणि नाल्यापलीकडं बौद्धवाडा. कोण कुठं राहतं, कोण कोणाच्या आधी पाणी भरतं, कुणाची पंगत आधी उठते, सगळं ठरलेलं. ते कुणी ठरवलं, हे विचारायची सोय नव्हती. मी एकदा विचारलं होतं, तर मायनं मला कणीक मळायला बसवलं.

मग कारखाने आले. आधी रस्त्याकडची काळी जमीन गेली, कापसाची, ज्वारीची, जिच्यात पाय रुतला की चप्पल तिथंच राहायची. आमचीही तीच गेली. मोबदला मिळाला, त्यात घराला सिमेंट झालं, थोरल्या भावाचं लग्न झालं, आणि त्याला एका कारखान्यात नोकरीही लागली. सकाळी भोंगा झाला की गावातली तरणी पोरं सायकली काढायची. आदल्या वर्षी खळ्यावर मळणी करणारे हात आता निळ्या कपड्यात जायचे आणि ग्रीसचा वास घेऊन परत यायचे. मायला तो वास अजिबात सोसायचा नाही. शेणाचा वास घरात आला तर बरकत येते, हा कसला मेला वास, असं ती म्हणायची, आणि भावाचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. जेवण मात्र तेच राहिलं. ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, लाल मिरचीचा ठेचा. फक्त ज्वारी आता पोत्यानं विकत यायची, आणि पहिल्यांदा विकतची ज्वारी दळून आणली त्या दिवशी आबा अर्धीच भाकरी खाऊन उठले. पोट भरलंय म्हणाले. कुणी आग्रह केला नाही.

जमीन गेली आणि बैल राहिले. औत नाही, गाडी नाही, नुसते दोन बैल गोठ्यात उभे. आबा त्यांना रोज नाल्यावर न्यायचे, धुवायचे, परत आणून बांधायचे. गावातल्या बऱ्याच जणांनी आपापली जनावरं बाजाराला नेली होती. आबांना ते जमेना. बाजारात नेलेलं म्हातारपणाकडं झुकलेलं जनावर पुढं कुठं जातं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. त्यात आमच्या बैलांचं एक वेगळं होतं. पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचे आणि त्याखालून पहिली जोडी आमच्या घराची जायची. ती गेल्याशिवाय पोळा फुटायचा नाही. म्हणजे तोपर्यंत गावातले सगळे बैल शिंगं रंगवून, झुली घालून वेशीबाहेर ताटकळत उभे राहायचे. हा आमच्या घराण्याचा मान होता. एकदा आबांना ताप होता तर अंगावर घोंगडी घेऊन ते बैलांपुढं चालले होते. आणि एकदा मधल्या आळीतल्या कुणाची जोडी उधळून पुढं घुसली, तेव्हा डोकी फुटली होती. हे मला आबांनीच सांगितलेलं, आणि सांगताना त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

बैल अखेर घेतले सुखदेवनं. सुखदेव बौद्धवाड्यातला, आबांपेक्षा थोडा लहान. आधीच्या पिढीत धम्म स्वीकारलेलं घर. त्याच्या बापाला नाल्यापलीकडची माळरानाची पट्टी मिळाली होती, सगळी गोट्यांची. गावाला ती जमीन कधी नको होती म्हणून त्यांना मिळाली, आणि कारखान्यांनाही नको होती म्हणून त्यांच्याकडं राहिली. बापलेकांनी गोटे वेचून बांध घातले, विहीर खणली, आणि काळ्या जमिनीवर पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या तेव्हा सावळठाणात मन लावून शेती करणारा बहुधा हा एकच माणूस उरला होता. त्याचा एक बैल साप चावून गेला. तो आबांकडं आला, अंगणाच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, दोन्ही द्या, जोडी फोडू नका. आबांनी लगेच हो म्हटलं. मी इथं ‘तो’ लिहिते आहे, कारण आमच्या घरात त्याला कुणी ‘अहो’ म्हणत नव्हतं, पोरंसोरंसुद्धा नाही. मी स्वतः शिक्षिका झाल्यावर ‘सुखदेवकाका’ म्हणायला लागले, तेव्हा तेच आधी दचकले.

आमच्या भावकीतले थोरले नाना, आबांचे चुलतभाऊ, यांना हा व्यवहार फार झोंबला. त्यांचे स्वतःचे बैल केव्हाच गेले होते, पण आमच्या बैलांवर त्यांचा जीव एकदम उतू आला. गावाचा मान नेऊन नाल्यापलीकडं बांधलास, असं ते ओट्यावर बसून आबांना सुनावत होते. आबा सुपारी कातरत ऐकत होते. मग म्हणाले, “मान घराचा अस्तो नाना, बैलाचा नाय.” मला आबांचा फार अभिमान वाटला. त्या वाक्यात त्यांनी स्वतःलाच कसं अडकवून घेतलं होतं, ते कळायला पोळा यावा लागला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो, तो गरम पाण्यानं शेकायचा, तूप-हळद चोळायची, आणि मग बैलाला आवतण द्यायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. त्या वर्षी आमचा गोठा रिकामा होता. दुपार कलली तसे आबा उठले, वाटीत तूप घेतलं, त्यात हळद कालवली आणि मला म्हणाले, चल. मायनं विचारलं, कुठं? आणि विचारता विचारताच तिला कळलं. तिनं मुकाट्यानं वाटीत आणखी चमचाभर तूप घातलं.

नाला ओलांडून आम्ही गेलो तेव्हा बौद्धवाड्यातली माणसं दारात येऊन बघायला लागली. आबा तिकडं कधी गेले नव्हते असं नाही, मजूर सांगायला जायचे, पण नाल्याच्या अलीकडून हाक मारून. सुखदेवच्या अंगणात चांद्या-हौश्या धुऊन पुसून उभे होते. सुखदेवची बायको कौसाबाई चुलीवरचं पाणी उतरवत होती. आबा दारात थांबले आणि म्हणाले, यंदा खांदा मळू द्याल का. त्यांच्या तोंडी हे ‘द्याल’ मी त्या अंगणात प्रथम ऐकलं. सुखदेव बाजूला सरला. आबांनी दोन्ही बैलांचे खांदे चोळले, फार वेळ चोळले. हौश्याच्या खांद्यावर नवा वळ उठला होता, म्हणजे तो पुन्हा कामाला लागला होता, आणि आबांचा हात तिथं थांबला तेव्हा त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं हे मला ओळखता आलं नाही. मग ते चांद्याच्या कानाशी वाकले, आवतण द्यायला तोंड उघडलं, आणि तसेच राहिले. उद्या जेवायला या, पण कुणाकडं? आमच्या घरी तर गव्हाण कोरडी होती. ते मागं सरले आणि कौसाबाईंकडं बघून म्हणाले, “तुमीच द्या. तुमच्या घरी जेवायचेत ते.”

तिनं पदर सावरून आवतण दिलं. तिला ते घाईघाईत बोलता येत नव्हतं, शब्द जपून ठेवल्यासारखे एकेक बाहेर आले. परतताना नाल्यात उतरून आबांनी हात धुतले, पण हळद निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी मायनं पुरण घातलं. बैल नसताना पुरण कशाला, असं वहिनी म्हणाली, त्यावर माय म्हणाली, सवय आहे. भावाची त्या दिवशी कारखान्यात पाळी होती. पोळ्याला सुट्टी मागितली तर साहेब हसला, असं तो सांगत होता. दुपारी वेशीपुढं मोकळ्या जागेत माणसं जमली. आधी जिथं बैलांनी जागा पुरायची नाही, तिथं मोजक्या जोड्या होत्या, माळ्यांची एक, तेल्यांची एक, अशा. वेशीच्या कमानीला तोरण बांधलेलं होतं. डफ वाजत होता. आबा नेहमीच्या जागी, तोरणाखाली, फेटा बांधून उभे. मान घराचा होता, पण पुढं न्यायला हाती काहीच नव्हतं, आणि हे सगळ्यांना दिसत होतं. मी पारावर बायकांच्या घोळक्यात होते. मला त्यांची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रडू आलं.

सुखदेव बैल घेऊन आला तो रिवाजाप्रमाणं सगळ्यांच्या मागं. बौद्धवाड्यातल्या बैलांनी शेवटी यायचं, वेशीपुढची जागा निम्मी रिकामी झाली की. पण बैलांना कुणी सांगितलं नव्हतं की ते विकले गेलेत. डफ ऐकला तशी चांद्यानं मान झटकली, घंटा वाजली, आणि दोघं सरळ पुढं निघाले. सुखदेवनं कासरा ओढला, टाचा रोवल्या, पण ते दोन बैल माळ्यांच्या जोडीला मागं टाकून वेशीपाशी, तोरणाच्या बरोबर पुढं जाऊन थांबले. दर वर्षी थांबायचे तिथंच. डफ बंद झाला.

सुखदेव घामाघूम झाला होता. तो म्हणाला, ऐकंनात, मागं घेतो. त्यानं खरंच मागं घ्यायचा प्रयत्न केला. हौश्या पाय रोवून उभा. तेवढ्यात नाना पुढं झाले. नाना हुशार माणूस, गावचे तंटे मिटवणारा. ते म्हणाले, कशाला मागं घेतो, बैल मूळचे घराण्याचेच आहेत, देवानंच तोड काढली. सुखदेवनं कासरा आबांच्या हाती द्यावा, आबांनी पोळा फोडावा, आणि वेशीतून आत गेले की बैल आपले सुखदेवनं घरी न्यावेत. मान पण राहिला आणि कुणाचं नुकसान पण नाही. माणसांनी माना डोलावल्या. डफवाल्यानं पुन्हा काठ्या उचलल्या. मलासुद्धा ते पटलं होतं, हे इथं लिहून ठेवते. मला वाटलं, सुटले माझे आबा.

सुखदेवनं कासरा दिला नाही. मुठीभोवती एक वेढा आणखी घेतला आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “मागं ऱ्हा म्हनलं, मागं ऱ्हायलो. आजबी ऱ्हातो. पर माज्या बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हाती देऊन मी पुढं येनार नाय. बैल माजे हायेत.”

नाना आबांकडं वळले. सगळेच वळले. आबांनी हात पुढं केला असता तर सुखदेवला द्यावाच लागला असता, त्या गर्दीत त्याचं काही चाललं नसतं, हे त्यालाही माहीत होतं आणि आबांनाही. आबांचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, हळदीचे पिवळे. चांद्या त्यांच्या बाहीला नाक लावत होता. मला आबांचं तोंड दिसत होतं, आणि मी ते तसं आधी एकदाच बघितलं होतं, मोजणीवाल्यांनी आमच्या शेतात खुंट्या ठोकल्या तेव्हा.

“नाना,” आबा म्हणाले, “माज्याकडं बैल नायत. बिनबैलाच्या माणसाचं वेशीत काय काम.” मग त्यांनी तोरणाखालून पाय काढला, दोन पावलं बाजूला झाले आणि म्हणाले, “सुखदेवराव, तुमचे बैल घ्या आन् चला पुढं.”

ते चालत पाराकडं आले, जिथं म्हातारी आणि बिनशेतीची माणसं बसायची, आणि त्यांच्यात जाऊन बसले. कुणी त्यांना सरकून जागा दिली नाही. त्यांनी स्वतःच फेटा सोडून मांडीवर ठेवला.

त्यानंतर मारामारी झाली असती तर मला बरं वाटलं असतं. डोकी फुटतात, पट्ट्या बांधतात, वर्षभरानं हसतात. तसं काही झालं नाही. नाना एका पोराला म्हणाले, तोरण उतरव. पोरगं कमानीवर चढलं, विळ्यानं सुतळी कापली, आणि पानांची माळ खाली धुळीत पडली. मग माळ्यांनी आपली जोडी वळवली. तेल्यांनी वळवली. शिवी नाही, हाक नाही. एकेक करून सगळे बैल वेशीला वळसा घालून मागच्या बाजूनं, नाल्याच्या वाटेनं घरी गेले, आणि रंगवल्या शिंगांची जोडी घेऊन वेशीपुढं एकटा सुखदेव उभा राहिला.

तो वेशीतूनच आत आला. डफ नाही, काही नाही, नुसती चांद्याची घंटा. आमच्या दारापुढून जाताना बैल सवयीनं थांबले. माय औक्षणाचं ताट घेऊन आधीपासून उंबऱ्यात उभी होती, वेशीतली बातमी तिला वहिनीनं पळत येऊन सांगितली होती. तिनं बैलांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी चारली. मग ती आत गेली, पाण्याचा तांब्या आणला, आणि सुखदेवच्या हातात दिला. वरून ओतला नाही, हातात दिला. रात्री ती मला म्हणाली, नानांच्या घरी हे बोलू नकोस. धीट होती आणि भित्रीही होती. मला वाटतं बरीचशी माणसं अशीच असतात, आणि जी नुसती धीट असतात त्यांची मला भीती वाटते.

भावकीनं आम्हाला लग्नाकार्यात बोलावणं सोडलं नाही, पण पंगतीत आबांच्या शेजारी कुणी बसेना. आबांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण त्यांना ते लागलं होतं. मान सोडून देणारा माणूस मोठा असतो असं बोलायला सोपं आहे. मी त्यांना पुढची कित्येक वर्षं पोळ्याच्या दिवशी दुपारी दार लावून पडून राहिलेलं बघितलं आहे. एकदा मी म्हटलं, आबा, तुम्ही बरोबर केलंत. ते म्हणाले, बरोबर केलं व्हय, पर लई जड गेलं.

आता सावळठाणात गेलं की आधी उड्डाणपूल लागतो, मग मोटारींचं शोरूम, मग एकावर एक खोल्या चढवलेली घरं. त्यांत बिहारची, ओडिशाची पोरं भाड्यानं राहतात आणि संध्याकाळी गल्लीत मोबाइलवर आपल्या आयांशी बोलतात. विमान इतकं खालून जातं की बोलणं थांबवावं लागतं. बौद्धवाडा आणि गाव यांच्यातला नाला पाइपातून नेला, वर सिमेंटचा रस्ता झाला, आणि अलीकडं कुठं संपतं नि पलीकडं कुठं सुरू होतं हे नव्या माणसाला सांगावं लागतं. जुन्या माणसाला लागत नाही. सुखदेवकाकांच्या माळावर त्यांच्या नातवाची नर्सरी आहे, कुंड्यांतली रोपं शहरभर जातात. वेस मात्र उभी आहे. तिला रंग दिलाय, वर वाढदिवसाचे फलक लटकतात.

मागच्या श्रावणात माझा भाचा, थोरल्या भावाचा मुलगा, आपल्या मुलांना गाव दाखवायला घेऊन आला होता. मीही होते. वेशीखाली उभं राहून तो पोरांना सांगत होता, इथून पूर्वी पोळा निघायचा, आपला पहिला मान असायचा, मग कारखाने आले, बैल गेले आणि पोळा बंद पडला. गावात सगळे हेच सांगतात. मंदिराच्या स्मरणिकेत हेच छापलंय. ऐकायला बरं वाटतं, कुणाला काही लागत नाही.

मी त्याला म्हटलं की पोळा बंद पडला तेव्हा गावात बैल होते. माळ्यांचे होते, तेल्यांचे होते, आणि सुखदेवकाकांची जोडी तर पुढं कित्येक वर्षं याच कमानीखालून खताची गाडी ओढत गेली. पुढच्या श्रावणात अमावास्या आली, पुरणं शिजली, बैल रंगले, आणि वेशीला तोरण बांधायला कुणी आलं नाही. बांधू नका असं कुणी म्हटलं नव्हतं. बांधलं तर खालून पहिला कोण जाणार, एवढाच प्रश्न होता.

भाच्यानं विचारलं, “मग बंद कुणी पाडला, आत्या?”

“आपण,” मी म्हटलं.